उन्हाळ्यात व्यायाम करताना अंग गार कसे ठेवायचे? बेळगाव सीमाभागातल्या नवख्यांसाठी

कोणी भरतीसाठी सोळाशे मीटरचा सराव करतो, कोणी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारतो, कोणी राजहंसगडाचा चढ सायकलने चढतो, कोणी तालमीत नुकताच लंगोट लावलेला असतो. एप्रिल उजाडला की या सगळ्यांत एक समज हमखास दिसतो: घाम जितका जास्त गळेल तितके अंग गार होईल. हे चूक आहे. टपकून मातीत पडलेला घाम वाया गेला. अंगावरून वाळून उडाला तेवढाच घाम उष्णता घेऊन जातो. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीवर उभ्या आहेत, त्यामुळे ती नीट ध्यानात घेतलीत तर बाकीचे पाठ करावे लागणार नाही.

लागणारे सामान फार नाही:

- घरचा वजनकाटा, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा
- भिंतीवरचे दोन साधे तापमापक आणि सुती फडक्याचा तुकडा
- पातळ सुती पंचे, निदान दोन
- सलूनमध्ये केसांवर पाणी मारतात तसली फवाऱ्याची बाटली
- पाण्याच्या बाटल्या, त्यातली एक फ्रीजरमध्ये ठेवता येईल अशी
- मीठ, साखर, लिंबू. शिवाय औषधाच्या दुकानातली ओआरएसची दोन पाकिटे
- गटाने सराव करत असाल तर एक मजबूत ताडपत्री (कशाला, ते शेवटी येईल)

१. आधी उष्णतेचा हिशेब समजून घ्या

स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातली फार तर पाव हिस्सा ऊर्जा पळण्याच्या कामी येते. उरलेल्या तीन हिश्श्यांची, किंबहुना थोडी जास्तच, उष्णता होते. साठ किलो वजनाचा माणूस दहा किलोमीटर पळाला तर ढोबळमानाने ६०० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातल्या ४५० ते ४८० नुसती उष्णता म्हणून अंगात तयार होतात. साठ किलोच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर पडायची वाटच नसेल तर तासाला दहा किलोमीटरच्या वेगाने पळणाऱ्याचे अंग दर सहा-सात मिनिटांनी एका अंशाने तापेल.

एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. त्यामुळे वरच्या दहा किलोमीटरला साधारण ८०० मिलिलिटर घाम वाळला तरी भागते. अडचण घाम तयार होण्याची नसते, तो वाळण्याची असते.

त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. हवा त्याहून गार असेल तर नुसता वाराही उष्णता ओढून नेतो. हवा त्याहून गरम झाली की वारा उलट उष्णता देऊ लागतो आणि मग सगळी भिस्त घामावर येते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर असल्यामुळे पहिली स्थिती बऱ्याच वेळा मिळते. अथणी, रायबाग, चिकोडीच्या पूर्वेकडचा कृष्णाकाठ या भागांत मेच्या दुपारी दुसरी.

२. आजची हवा कोरडी की दमट, ते ओळखा

मोबाइलवर आकडा पाहून '३८ अंश म्हणजे भयंकर, ३० म्हणजे ठीक' असे ठरवू नका. तापमापकाला ओले फडके गुंडाळले की पाणी वाळताना त्याचा पारा उतरतो, घाम वाळून कातडी गार होते तसाच. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता या हवेत असा ओल्या फडक्यातला तापमापक २१च्या आसपास उतरतो. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत तो २७ला अडतो. म्हणजे घाम वाळण्याच्या दृष्टीने अथणीची कोरडी दुपार सावलीत सुसह्य, आणि वळीव पडून गेल्यानंतरची बेळगावातली कोंदट संध्याकाळ किंवा जूनमधले खानापूर जास्त अवघड. कारवार-जोयड्याकडे तर हे वर्षातले कितीतरी महिने लागू.

घरच्या घरी पाहायचे असेल तर असे करा. दोन तापमापक सावलीत, वारा लागेल असे शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला पातळ सुती फडके गुंडाळून त्याचे टोक वाटीतल्या पाण्यात सोडा. दहा मिनिटांनी दोन्ही वाचा. फडक्याच्या तापमापकावर वारा नसेल तर पुठ्ठ्याने घाला. तापाचा थर्मामीटर यासाठी वापरू नका, तो ३५च्या खाली काही सांगतच नाही.

- ओला तापमापक २४च्या खाली: नेहमीचा सराव.
- २४ ते २७: वेळ तीच ठेवा, वेग उतरवा. मधे विश्रांती घ्या.
- २७च्या वर: जोराचा सराव रद्द. चाला, नाहीतर सूर्य उगवायच्या आत उरका.

हे आकडे सावलीतले आहेत. थेट उन्हात सराव असेल तर एक पायरी खाली उतरा: २३ दिसले तरी २४च्या वर आहे असे धरा.

तापमापकाचा खटाटोप नको असेल तर घरातला माठ बघा. माठ पाझरतो, ते पाणी वाळते आणि आतले गार होते, अगदी आपल्या कातडीसारखे. सकाळी भरलेल्या माठातले पाणी दुपारपर्यंत गार झालेच नाही, तर त्या दिवशी तुमचा घामही नीट वाळणार नाही हे नक्की.

३. वेळ आणि रस्ता निवडा

पहाट सर्वांत चांगली. आर्द्रता पहाटे जास्त असते हे खरे, पण ऊन नसते आणि हवा गार असते, त्यामुळे एकूण हिशेब फायद्याचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो. पाचला सुरू करून सातच्या आत संपवायचे असा बेत ठेवा.

संध्याकाळी बेळगाव शहरात आणि खानापूरच्या बाजूला पश्चिमेचा वारा सुटतो, तो फार कामाचा. पण साडेपाचला डांबरी रस्ता आणि सिमेंटचे मैदान दिवसभराची आग ओकत असतात. शक्य असेल तर मातीचे मैदान, झाडांखालचा रस्ता, शेताचा बांध धरा. पूर्वेकडच्या तालुक्यांत सूर्य मावळल्यावर तासभर थांबणे बरे.

वाऱ्याची दिशा हा नवख्यांच्या लक्षात न येणारा मुद्दा आहे. वारा पाठीमागून येत असेल आणि तुम्ही त्याच्याच वेगाने पळत असाल, तर तुमच्या अंगाला वारा लागतच नाही. घाम नुसता ओघळतो. म्हणून जाताना वारा पाठीवर आणि येताना, अंग तापलेले असताना, वारा तोंडावर येईल अशी फेरी आखा. सायकलवाल्यांचे दुखणे वेगळे. सपाटीला ताशी २५ किलोमीटरने जाताना वाराच इतका लागतो की घाम जाणवत नाही. राजहंसगडाचा चढ किंवा चोर्ल्याच्या घाटातली चढण लागली की वेग ताशी सात-आठवर येतो, कष्ट वाढतात आणि वारा गायब होतो. चढ सुरू व्हायच्या आधी अंग ओले करून घ्या, चढावर पोहोचल्यावर नव्हे.

४. उन्हाची सवय दहा ते चौदा दिवसांत लावा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि गारव्याची बाकी कोणतीही युक्ती हिची बरोबरी करू शकत नाही. रोज थोडे उन्हात किंवा उकाड्यात श्रम केले की पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. पुढच्या आठवडाभरात घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जाते.

- दिवस १ ते ३: २० ते ३० मिनिटे, बोलता येईल इतक्या सावकाश
- दिवस ४ ते ७: ४० ते ५० मिनिटे, अजूनही सावकाशच
- दिवस ८ ते १४: तासभर, त्यात मधे मधे थोडे वेगाचे तुकडे

पुण्या-मुंबईच्या गार कार्यालयातून सुट्टीला गावी आलेल्यांनी आणि परीक्षा संपवून थेट भरतीच्या मैदानावर उतरणाऱ्या मुलांनी ही पायरी टाळूच नये. व्यायामातले उष्माघात बहुधा पहिल्या काही दिवसांतच होतात. आणखी एक: ही सवय टिकत नाही. आठवडाभर खंड पडला तर थोडी उतरते, तीन-चार आठवड्यांत जवळपास सगळी जाते.

'उन्हात पळाल्याशिवाय दम वाढत नाही' असे सांगणारे प्रत्येक मैदानावर भेटतात. त्यांचे अर्धे खरे आहे. उन्हाची सवय हवी, पण ती सावकाश पळून होते. भर दुपारी वेळ लावून सोळाशे मीटर पळण्याने अंग तापते, वेग मात्र वाढत नाही, कारण तापलेल्या अंगाने तुम्ही पूर्ण जोर लावूच शकत नाही. वेगाचा सराव पहाटेच्या गारव्यात करा, सवयीचा सराव उकाड्यात. दोन्ही एकाच वेळी करू नका.

५. निघण्यापूर्वी आतून गार व्हा

रोजच्या फेरीला याची गरज नाही. शर्यत असेल, भरतीची चाचणी असेल, सायकलची लांब मजल असेल तेव्हा करा.

किलोमागे साडेसात ग्रॅम बर्फाचा चुरा, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ४५० ग्रॅम. पातळ लिंबू सरबत किंवा कोकम सरबत घालून मिक्सरमध्ये फिरवा. सुरुवातीच्या अर्धा तास आधीपासून थोडे थोडे खात राहा. घाईने खाल्ले तर कपाळ ठणकते. बर्फ वितळताना किलोमागे ८० किलोकॅलरी घेतो आणि ते पाणी अंगाच्या तापमानाला येईपर्यंत आणखी ३७. ४५० ग्रॅमचा हिशेब ५० किलोकॅलरींच्या थोडा वर जातो, म्हणजे कागदावर एका अंशाची सवलत. प्रत्यक्षात थोडी कमी मिळते, कारण अंग आतून गार असल्यावर घामही उशिरा सुटतो.

बर्फ घरच्या फ्रीजमधला, पिण्याच्या पाण्याचा घ्या. मासळीच्या किंवा दुधाच्या गाड्यांसाठी कारखान्यातून येणारी लादी पोटात घालण्यासाठी नसते. ती बादलीत वापरा. निळसर दिसणारा बर्फ तर खाण्याचा नाही असेच समजा. पोट बिघडून जुलाब लागले तर गारव्याचा सगळा फायदा दुसऱ्या दिवशी वसूल होतो.

६. पाणी पोटात: किती आणि कशात

प्रत्येकाचा घाम वेगळा. तासाला अर्धा लिटरपासून दोन लिटरपर्यंत कितीही असू शकतो, त्यामुळे 'दिवसाला अमुक ग्लास' हा सल्ला इथे निरुपयोगी. तुमचा आकडा तुम्हीच काढा:

लघवीला जाऊन या. कपडे काढून वजन करा. तासभर नेहमीसारखा व्यायाम करा, किती प्यालात ते मोजून ठेवा. अंग पुसून पुन्हा तसेच वजन करा. समजा आधी ६२.० किलो, नंतर ६१.१ आणि मधे ४०० मिलिलिटर प्यालात. तर घाम झाला ९०० अधिक ४००, म्हणजे तासाला १.३ लिटर. ओल्या बनियनसकट वजन केले तर सगळा हिशेब चुकतो, कारण त्यातच पाव किलो घाम बसलेला असतो. हा आकडा मार्चमध्ये एक, मेमध्ये दुसरा आणि जूनमध्ये तिसरा येईल, तेव्हा तिन्ही वेळा काढून ठेवा.

घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवायची. ६२ किलोला ती मर्यादा सव्वा किलोच्या आसपास. तासाच्या आतल्या व्यायामाला साधे पाणी पुरते, तहान लागेल तसे प्या. तासापेक्षा जास्त असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी १५० ते २०० मिलिलिटर.

लांब सरावासाठी एक लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ, सपाट भरलेले दहा चहाचे चमचे साखर आणि अर्धे लिंबू. नेहमीच्या सरबतापेक्षा हे कमी गोड आणि किंचित खारट लागते, लागायलाच हवे.

बाकीच्या पेयांबद्दल थोडक्यात. उसाचा रस व्यायामाच्या मधे नको, साखर फार असल्याने पोटात रेंगाळतो. नंतर हरकत नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, म्हणून त्याबरोबर काहीतरी खारट खा. मिठाचे पातळ ताक, ज्याला इथले बरेच जण मज्जिगे म्हणतात, व्यायामानंतर उत्तम. मधेच प्यायले तर काहींना ढेकर येत राहतात. थंडाई हे खाणे आहे, पाणी नव्हे. पैलवानांनी ती मेहनतीनंतरच घ्यावी. बाजारातल्या गोड 'ओआरएस'सारख्या दिसणाऱ्या डब्यांना भुलू नका. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा.

उलटी चूकही होते. भीतीने लिटरवर लिटर साधे पाणी ढोसणाऱ्याच्या रक्तातले सोडियम पातळ होते. डोके दुखते, मळमळते, बोटे सुजून अंगठी घट्ट होते. व्यायामानंतर वजन आधीपेक्षा वाढलेले दिसले तर तुम्ही जास्त प्यालात. अशा माणसाला 'उष्णतेने झाले' म्हणून आणखी पाणी पाजले तर जिवावर बेतू शकते.

७. पाणी अंगावर: ओतायचे नाही, पसरायचे

एक लिटर १५ अंशाचे गार पाणी डोक्यावर ओतले आणि ते अंगावरून ओघळताना ३३ अंशांपर्यंत तापले, तरी ते जेमतेम १८ किलोकॅलरी घेऊन जाते. तेच एक लिटर पाणी पातळ थरात पसरून अंगावर वाळले तर ५८०. तीस पटींहून जास्त फरक. म्हणून कोरड्या हवेत फवाऱ्याची बाटली हे सर्वांत स्वस्त यंत्र आहे. हात, मांड्या, मान, चेहरा, पाठ यांवर बारीक फवारा मारा आणि वाऱ्यात राहा. पाणी गार असण्याचीही गरज नाही, माठातले किंवा नळाचे चालते.

पंचा ओला करून मानेभोवती टाकला की बरे वाटते, पण तो तसाच तासभर ठेवला तर अंगाच्या तापमानाला येतो आणि नुसते ओझे होते. दर दहा मिनिटांनी सोडवा, हवेत झटका, पुन्हा भिजवा.

दमट दिवशी फवाऱ्याचा उपयोग फार नाही, कारण हवा पाणी घ्यायला तयार नसते. त्या दिवशी उष्णता गार वस्तूला थेट द्यावी लागते. सरावाच्या मधल्या विश्रांतीत बादलीत गार पाणी, जमल्यास थोडा बर्फ घालून, दोन्ही हात कोपरापर्यंत दहा ते पंधरा मिनिटे बुडवून बसा. तळहातात रक्तवाहिन्यांची अशी रचना असते की तापलेल्या अंगातले रक्त तिथून भराभर फिरते आणि गार होऊन परत जाते. कुस्तीच्या दोन जोडींमधल्या वेळेत, कबड्डीच्या मध्यंतरात हे सहज जमते. बर्फाची पिशवी टाळूवर धरण्यापेक्षा हे पुष्कळ सरस.

सापळा इथे एक आहे: पुदिन्याचे किंवा मेंथॉलचे थंड तेल. डोक्याला लावले की गार वाटते, तापमान मात्र तिळभर उतरत नाही. उलट गार वाटल्यामुळे माणूस जास्त ताणतो.

८. कपडे

सैल, फिकट, जाळीदार. जाड सुती बनियन कोरड्या हवेत ओले राहून थोडी मदत करते. दमट हवेत भिजून जड होते, घासते, आणि आतला घाम वाळू देत नाही, तेव्हा पातळ पॉलिएस्टर बरे. टोपी काठाची आणि छिद्रांची घ्या; घट्ट कापडी टोपी डोक्यावरचा घाम अडवते. सावलीत टोपी काढून हातात घ्या.

वजन उतरवण्यासाठी प्लॅस्टिकचा किंवा रबरी 'घाम सूट' घालून पळणे पूर्णपणे बंद करा. त्यात घाम बदाबदा येतो आणि एक थेंबही वाळत नाही. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल अशाच प्रकारे वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले, आणि त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत असे सूट वापरण्यावर बंदी आली. उतरलेले वजन पाण्याचे असते. दोन तांबे प्यालात की परत.

९. तालीम, व्यायामशाळा, गच्ची: जिथे वारा नाही

जुन्या तालमी ठेंगण्या, जाड भिंतींच्या आणि अंधाऱ्या. दुपारी त्या गार असतात, पण दहा जण कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरले की अर्ध्या तासात हवा कोंदते. दार आणि झरोका समोरासमोर उघडे ठेवा, वर एक बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा. जोर-बैठका काढताना पंख्याचा झोत थेट अंगावर घ्या. 'घामावर वारा घेऊ नये' हा जुना सल्ला मेहनत संपून अंग निवल्यावर पाळा. मेहनत चालू असताना वारा हवाच.

अंगाला तेल चोपडून लगेच मेहनतीला उतरलात तर घाम पसरत नाही, थेंब होऊन गळतो. मालिश रात्री किंवा आंघोळीआधी करा. घामोळ्या उठल्या असतील तर तिथल्या घामाच्या नळ्या बंद असतात, पाठ भरून घामोळ्या असताना जोराचा सराव टाळा. पावडरचे थर त्यात भरच घालतात.

पंख्याबाबत एक अट: खोलीतली हवा ३५ अंशांच्या वर असेल तर कोरड्या अंगावर पंखा गरम वारा फेकतो. आधी अंग ओले करा.

१०. संपल्यावर

धावणे एकदम थांबवून उभे राहू नका. पायांत उतरलेले रक्त तिथेच राहते आणि घेरी येते. पाच-दहा मिनिटे चाला, मग सावलीत. थांबल्यावरही अंगाचे तापमान काही वेळ चढेच असते. अर्ध्या तासाने गार पाण्याने आंघोळ केली तर पुन्हा घाम सुटत नाही. निरोगी माणसाला लगेच आंघोळ केल्यानेही काही होत नाही. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र बर्फासारखे पाणी अंगावर एकदम घेऊ नये.

गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, पुढच्या काही तासांत, जेवणाबरोबर. ताकातली आंबील, भाकरी आणि मीठ घातलेली कोशिंबीर यांतून मीठही भरून निघते. लघवी फिकट झाली की पुरेसे झाले. ती काळसर, कोलासारखी दिसली तर स्नायू फुटल्याचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

११. कोणत्या स्थितीत सरावाला उतरूच नये

ताप, जुलाब, रात्रभर जागरण, आदल्या दिवशीची दारू, उन्हाने भाजलेली कातडी: यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी सुट्टी. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या किंवा ठोके कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, सर्दीसाठी झोप आणणारी जुन्या धाटणीची गोळी घेतली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच उकाड्यात व्यायाम करा. जिममध्ये मिळणारी उत्तेजक पावडर उन्हाळ्यात घेऊच नये.

१२. ऊन लागले तर: आधी गार करा, मग दवाखाना

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, घाम असूनही अंगावर काटा येणे ही थांबण्याची चिन्हे. सावली, पाणी, पाय वर करून झोपणे, ओआरएस. बहुतेक जण अर्ध्या तासात सावरतात.

माणूस असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, झिंगल्यासारखा चालला, कोसळला, तर तो उष्माघात धरा. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' या समजावर विसंबू नका. व्यायामातल्या उष्माघातात माणूस बऱ्याचदा घामाने चिंब असतो. काखेत थर्मामीटर लावून १०० अंश फॅरनहाइट दिसले म्हणून स्वस्थ बसू नका, अशा वेळी काखेतला आकडा फसवतो. खरे तापमान आत ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइटच्या) वर असू शकते आणि ते अर्ध्या तासाच्या आत खाली आणायचे असते.

- एकाने १०८ला फोन लावायचा. बाकीच्यांनी रुग्णवाहिकेची वाट न बघता कामाला लागायचे.
- कपडे, बूट काढा. ताडपत्रीवर मधोमध झोपवा. चार ते सहा जणांनी कडा उचलून खोळ करा.
- तिच्यात ७० ते १०० लिटर पाणी ओता. बोअरचे किंवा विहिरीचे नुसते पाणीही चालते, बर्फ मिळाला तर तो घालाच. कडा हलवत राहा म्हणजे पाणी अंगावरून फिरेल.
- एक जण फक्त डोके धरून बसेल, तोंड आणि नाक पाण्याच्या वर. ओकारी आली तर कुशीवर.
- भानावर येऊन नीट बोलू लागेपर्यंत, नाहीतर रुग्णवाहिकेचे लोक ताबा घेईपर्यंत चालू ठेवा.

ताडपत्री नसेल तर जनावरांच्या पाण्याचा हौद, ट्रॅक्टरचा टँकर, मोटरपंपाची धार. विहिरीत किंवा कालव्यात उतरवू नका, शुद्ध हरपलेला माणूस हातातून निसटतो. काहीच नसेल तर सगळे अंग ओल्या पंच्यांनी झाकून दर दोन-तीन मिनिटांनी पंचे बदला आणि वारा घाला. नुसता काखेत आणि मानेवर बर्फ ठेवणे अपुरे पडते.

बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, हा तो ताप नव्हे. खिशातला कांदा किंवा तळपायाला चोळलेला कांदा यात वेळ घालवू नका. कांदा जेवताना खा.

माणूस तासाभरात अगदी ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात नेऊन मूत्रपिंड आणि यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्या, बिघाड एक-दोन दिवसांनी उघड होतो. दवाखान्यातून सुटल्यावर निदान सात दिवस कसलाही व्यायाम नाही. त्यानंतर डॉक्टरांनी होकार दिला की आधी गारव्यात, मग हळूहळू उकाड्यात, पायरी ४ पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करा. पुढचा महिनाभर एकट्याने सराव करू नका.